आदिमानवाचं माप

आमच्या घरात माणसं तोंडानं मोजली जायची. तोंड म्हणजे हनुवटीपासून कपाळावर जिथं केस सुरू होतात तिथपर्यंतचं अंतर. माझे वडील मूर्तिकार होते, त्यांना सगळे आण्णा म्हणत आणि मीही आण्णाच म्हणायची. हे माप त्यांना त्यांच्या गुरूकडून मिळालं होतं. देव नऊ तोंडं उंच, माणूस आठ, गणपती पाच. मूर्ती वीतभर असो की पुरुषभर, प्रमाण हेच. कुणी चार फुटी देवी सांगितली की तोंड किती इंचांचं येईल, याचा भागाकार मी करून द्यायची. आण्णांचं शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यांचे हात अचूक होते पण अपूर्णांक आला की ते माझ्याकडं बघायचे. मला त्याचा फार अभिमान होता. रस्त्यानं जाणाऱ्या माणसांचीही मी मनातल्या मनात तोंडं मोजायची. आमचा दूधवाला साडेसातच भरायचा. शेवंता आत्या बरोबर आठ.

दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची शेड, एवढं आमचं घर. मागच्या गल्लीत यंत्रमाग होते. त्यांचा खडखडाट सकाळपासून इतका अंगवळणी पडलेला असे की वीज गेली आणि माग थांबले की आम्ही दचकायचो, काहीतरी पडलं असं वाटायचं. त्या शांततेत शेजारच्या तेलुगू बायकांचं बोलणं, आईच्या भाकरीची थापथाप आणि शेडमधून आण्णांच्या पटाशीचा आवाज एकदम स्वच्छ ऐकू यायचा. घरात प्लॅस्टरची पांढरी भुकटी सगळीकडं असायची, अंथरुणावर, देव्हाऱ्यात, पाण्याच्या माठावरच्या झाकणावर. ज्वारीच्या पिठाचा डबा आईनं आतल्या खोलीत, वर फडकं बांधून ठेवलेला असे. तरी जेवताना कुणाच्या तरी दाताखाली काहीतरी करकरायचंच. मग आत्या म्हणायची, "वैनी, आज गणपतीचं बोट लागलं बग माज्या घासात," आणि आई हसू आवरत शेंगाचटणीची वाटी तिच्याकडं सरकवायची.

आत्या ही आण्णांची धाकटी बहीण. आमचं मूळ गाव मंगळवेढ्याकडचं. तिथं तिचं लग्न झालं, चार वर्षांनी नवऱ्यानं दुसरी बायको केली, आणि आत्या एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्याकडं आली. उंच, सावळी, रुंद जबड्याची, खांदे मागं टाकून चालणारी बाई होती. माती मळायची, घमेली उचलायची, ओले साचे उन्हात मांडायची. दुसरीकडं राबली असती तर रोजंदारी मिळाली असती. आमच्याकडं तिला भाकरी मिळायची आणि वर्षाला दोन लुगडी. तिचा एकही फोटो नव्हता. लग्नातला एक घोळक्याचा फोटो होता तो सासरी राहिला. "त्यात बी मी दिसत न्हाय," ती सांगायची. "सासूचा पदर वाऱ्यानं उडाला आन् बरोबर माज्या तोंडावर आला. पैल्याच दिवशी झाकलं की मला म्हातारीनं!"

एका वर्षी नवरात्र संपल्यावर एका शाळेतून आण्णांना बोलावणं आलं. त्यांना विज्ञानाचं दालन करायचं होतं आणि त्यात आदिमानवाचं कुटुंब हवं होतं. दोन पुरुष, एक बाई, एक मूल, मागं गुहेची भिंत आणि भिंतीवर बैलांची नि हरणांची चित्रं. विज्ञानाचे सर स्वतः एक पुस्तक घेऊन शेडमध्ये आले. पुस्तकात चित्र होतं. वाकलेली, केसाळ माणसं, हातात सोटा, भुवया पुढं आलेल्या, तोंड अर्धवट उघडं. आण्णांनी ते चित्र बराच वेळ पाहिलं आणि त्यांना सुचला तोच प्रश्न विचारला.

"सर, ह्येला तोंडं किती धरायची?"

सरांना प्रश्न कळेना. मी समजावून सांगितलं. देव नऊ, माणूस आठ, तर आदिमानव किती?

सर हसले. "असं माप कुठं लिहिलेलं नसतं हो. माणसापेक्षा कमीच धरा."

"आन् राक्षसापेक्षा?"

"तुम्ही चित्राप्रमाणं करा म्हणजे झालं."

पुरुषांचा प्रश्न लगेच सुटला. देवीच्या पायाखालचा महिषासुर आमच्याकडून बरीच मंडळं नेत, त्याचा मोठा साचा शेडमध्ये होता. आण्णांनी त्यातूनच दोन पुरुष काढले, वर आलेले सुळे तासून टाकले, मिशा काढल्या, दाढी लावली. सर मध्येच बघायला आले तेव्हा एकदम खूश झाले. "व्वा! अगदी आदिमानव!" आण्णांनी माझ्याकडं पाहिलं, मी मान खाली घातली. आम्हाला दोघांनाही हसू येत होतं. आम्हाला ती गंमत वाटली. त्यात काही चुकतंय असं तेव्हा कुणाच्याच मनात आलं नाही, माझ्याही नाही.

बाईची अडचण होती. बाईचे साचे होते ते सगळे देवीचे, बदामी डोळे आणि चिमुकली जिवणी. त्यातली एकही आदिमानवाच्या गुहेत बसली नसती. शेवटी आण्णा म्हणाले, खऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरून साचा घेऊ. आई तयार होईना, तिला प्लॅस्टरखाली जीव घुसमटेल अशी धास्ती. आत्या पदराला हात पुसत पुढं आली.

"माजं घ्या की. माज्या तोंडाला काय सोनं लागलंय?" मग म्हणाली, "पन आण्णा, एक सांगते. मला भुतासारकी करू नको. हाय तशी कर. मला बी एकदा बगू दे मी कशी दिसते ती."

"हाय तशीच करतो," आण्णा म्हणाले.

तिच्या चेहऱ्याला खोबरेल तेल चोपडलं. श्वासासाठी नाकपुड्यांत एरंडाच्या पानाचे पोकळ देठ घातले. प्लॅस्टर चढवताना ती हसू दाबत होती आणि देठांतून फुस्स फुस्स आवाज येत होता. आई ओरडत होती, "गप बस की बाई, मरशील!" प्लॅस्टर घट्ट झालं, गरम झालं, मग निघालं. त्या साच्यात दुसरं प्लॅस्टर ओतलं आणि साचा फोडून आतला चेहरा काढला. असा साचा एकदाच चालतो. आतून आत्या निघाली. डोळे मिटलेली, ओठांच्या कोपऱ्यात ते दाबलेलं हसू तसंच. आण्णांनी डोळे उघडून घेतले, खाली धड आणि पाय केले. बाई मूल कडेवर घेऊन उभी होती. मी दोरी लावून मोजलं. बरोबर आठ तोंडं.

आत्यानं तेवढं पाहिलं. चेहरा अजून पांढराच होता, रंग द्यायचा होता. ती त्याच्याभोवती एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "नाक माजं एवढं बरं हाय व्हय? कुनी बोललं न्हाय कदी." त्याच आठवड्यात ती ज्वारीच्या काढणीला गावाकडं गेली.

ती गावाला असतानाच सर आले. पुतळ्यासमोर उभे राहिले. मग अवघडून म्हणाले, "काम छान आहे. पण ही तर आपल्या बाजारात भाजी घेताना दिसावी अशी बाई आहे."

"बाईच हाय की, सर."

"तसं नव्हे. उद्घाटनाला मोठी माणसं येणार. मुलं येणार. बघितल्याबरोबर कळलं पाहिजे, हा आदिमानव. सांगावं लागलं तर काय उपयोग?" त्यांनी पुस्तक उघडून धरलं. "ही भुवई अशी. जबडा पुढं. गुडघे वाकलेले. रंगही जरा काळा घ्या."

"त्यास्नी कुनी बघितलंय का, सर?"

"देवाला तरी कुणी बघितलंय? तरी तुम्ही करताच ना, आणि लोक ओळखतातच ना?"

आण्णांनी पुस्तक हातात घेऊन ते पान पुन्हा पाहिलं. सरांशी न्यायानं वागायचं तर सांगायला हवं की ते लबाड नव्हते. त्यांनी जे पाहिलं होतं तेच ते मागत होते. पुढच्या काळात मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. फार जुन्या काही मानवजातींच्या भुवयांचं हाड खरंच पुढं आलेलं होतं, ते खोटं नाही. पण ओठ, केस, कातडीचा रंग, डोळ्यांतला भाव यातलं फारसं काही हाडांवरून कळत नाही. ते चितारणारा आपल्या मनातून घालतो. आणि आमच्या पुतळ्यांमागं बैलांची, हरणांची चित्रं होती. भिंतींवर तशी चित्रं काढणारी माणसं बहुतेक सारी अंगानं तुमच्याआमच्यासारखी होती, ताठ चालणारी. आठ तोंडांचीच म्हणा. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण त्या बाईला माणसाचं माप बरोबर बसलं होतं, एवढं मात्र मला ठाऊक होतं, दोरी माझ्याच हातात होती.

आण्णांनी बदल केले. भुवईवर पाऊण इंच, हनुवटीवर एक इंच, दोन्ही गालफडांवर थोडं थोडं. नवं प्लॅस्टर जुन्यावर धरावं म्हणून कपाळ आणि हनुवटी आधी लोखंडी तारेनं आडवी-उभी खरवडून घेतली, पाणी मारलं, काथ्याचे तुकडे घातलेलं प्लॅस्टर चढवलं. आमच्या मूर्तीचा सांधा कधी सुटला नाही, असा त्यांचा लौकिक होता. पाय कापून गुडघ्यात वाकवले, डोक्यावर काथ्याचे पिंजारलेले केस बसवले. मी पुन्हा दोरी लावली. उंची कमी झाली होती, डोकं मोठं झालं होतं, आता ती साडेसहा भरली. आण्णांनी विचारलं, "किती?" मी सांगितलं. त्यांनी "हं" केलं आणि तंबाखूची डबी शोधू लागले. रंग मी कालवला. गेरू, पिवळी माती आणि काजळी, काजळी सरांच्या सांगण्यावरून दुप्पट.

आत्या परत आल्यावर तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. आण्णांना वाटलं आई सांगेल. आईला वाटलं ज्यानं शब्द दिला त्यानं सांगावं. मी रोज रात्री तिच्याशेजारी झोपायची आणि रोज ती मला विचारायची, "सुमे, रंग लावल्यावर कशी दिसते गं मी?" मी म्हणायची, "बघशीलच की." पुतळे तोवर शाळेत पोचले होते.

उद्घाटनाच्या दिवशी ती न्हाली, नवं हिरवं लुगडं नेसली, आईच्या बांगड्या मागून घातल्या. दालनात गर्दी होती. पाहुणे फीत कापून आत गेले, मागोमाग मुलं, मग आम्ही. राक्षसाच्या साच्यातले दोन पुरुष बघून मुलं किंचाळत होती, खुशीत. आत्या त्यांच्यामधून वाट काढत पुढं गेली. मी तिच्या मागंच होते, त्यामुळं तिचा चेहरा मला दिसला नाही. तिची पाठ दिसली. ती तशीच ताठ होती. एक मुलगा सोबत्याला म्हणाला, "ती बघ माकडीण, कडेवर पिल्लू." दुसरा वाकून, हात गुडघ्यापर्यंत लोंबवत चालून दाखवू लागला. सगळे हसले. आत्याही हसली. वळून आण्णांना म्हणाली, "ब्येस झालंय. लई मेहनत हाय." आणि घरी येऊन तिनं बांगड्या उतरवून आईच्या पेटीत ठेवल्या.

काही वर्षांमागं माझ्या धाकट्या मुलाला शाळेच्या कार्यक्रमात आदिमानवाचं काम मिळालं होतं. तो घरात वाकून, तोंड वासून चालायचा सराव करत होता. मी त्याला म्हटलं, सरळ चाल, ती माणसं सरळ चालायची. तो म्हणाला, "आई, सरळ चाललो तर कुणाला कळणार कसं?" माझ्या मनात आलं, याला कुणी शिकवलं? मग आलं, आम्हीच की. त्या दालनासमोरून किती वर्गांची मुलं गेली असतील, त्याचा हिशेब मी करू शकते. पण करत नाही.

त्या पुतळ्याचा चेहरा बदलला होता, तरी आत्याची ओळख पटायची ती पटलीच. नाक तिचंच होतं, ओठांचा कोपरा तिचाच होता. आमच्या गल्लीतली चार पोरं त्या शाळेत जायची. आठवड्याभरात आत्या पाण्याला निघाली की कुणीतरी हूप् करायचं. शेजारची एक म्हातारी त्यांच्यावर तेलुगूत ओरडायची आणि पोरं पळायची. आत्या कळशी घेऊन चालत राहायची. पण मंगळवारच्या बाजाराला जायचं तिनं सोडलं आणि शेडमध्ये यायचंही. माती मळायची ती अंगणातच, आमच्याकडं पाठ करून. आण्णा तिच्या ताटात स्वतःच्या हातानं दही वाढायचे. ती खायची. तिनं एकदाही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. घरात आम्ही तिघं तिच्याशी फार गोड बोलू लागलो होतो.

उन्हाळ्याची सुट्टी लागली. एके दुपारी वीज गेली, माग थांबले. त्या शांततेत आत्या शेडच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"आण्णा, ती भुवई काडता येती का रं?"

आण्णांच्या हातातली पटाशी थांबली.

"बाकीचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पाय ऱ्हाऊ दे, क्येस ऱ्हाऊ दे. रंग बी ऱ्हाऊ दे, मी काळीच हाय. तेवडी भुवई काड. खाली माजं कपाळ हाय न्हवं?"

"हाय की," आण्णा म्हणाले. "काडतो. उद्याच काडतो." त्यांचा आवाज इतका मोकळा मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. सर गावाला गेले होते. परवानगी नंतर घेऊ, पाऊण इंचानं कुणाला काय कळतंय, असं ते आईला सांगत होते. तिन्हीसांजेला त्यांनी पटाशीला धार लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही तिघं शाळेत गेलो, आण्णा, आत्या आणि मी. पुतळ्याची डागडुजी आहे म्हटल्यावर शिपायानं दालन उघडून दिलं आणि तो व्हरांड्यात जाऊन बसला. आण्णांनी भुवईच्या कडेला पटाशी लावली आणि बारीक ठोके घालायला सुरुवात केली. सुटेना. जरा जोर केला, सुटेना. तारेच्या खरवडीत प्लॅस्टर मुळासारखं शिरलं होतं, काथ्यानं दोन्ही बाजू धरून ठेवल्या होत्या. आण्णांच्या मानेवरून घाम वाहत होता. आत्या पाण्याची बादली घेऊन उभी होती. म्हणाली, "सावकाश की. म्हागारी जायाची घाई न्हाय." त्यांनी कोन बदलून एक ठोका दिला, आणि भुवई निघाली. पण एकटी निघाली नाही. तिच्याबरोबर खालचं कपाळ आलं, दोन्ही डोळ्यांचे वरचे काठ आले, नाकाचा वरचा अर्धा भाग आला. ते सगळं एका तुकड्यात आण्णांच्या तळहातावर होतं. पुतळ्याच्या चेहऱ्यात पांढरा खड्डा पडला होता आणि त्यातून काथ्या लोंबत होता.

आण्णा खाली बसले. त्यांनी तुकडा उलटा केला, सुलटा केला. आतल्या बाजूला काहीच नव्हतं, नुसतं खडबडीत प्लॅस्टर. साचा नव्हताच, तो त्याच दिवशी फुटला होता. "मला वाटलं, एवडं घट्ट धरलं नसंल," ते म्हणाले. ते खरं नव्हतं. न धरणारं काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

"परत घे की माज्या तोंडाचं," असं आत्या म्हणेल, असं मला वाटलं. आण्णांनाही वाटलं असावं, कारण त्यांनीच विचारलं, "शेवंता, परत साचा घेऊ?"

"नको," ती म्हणाली. "आता बसव हाय तसं. शिपाई बगंल."

तो तुकडा परत बसेना, कडा चुरल्या होत्या. शेवटी आण्णांनी डागडुजीला म्हणून आणलेलं प्लॅस्टर कालवलं. आत्यानं घमेलं धरलं. त्यांनी पुस्तकातलं चित्र आठवून ती भुवई पुन्हा घडवली, या वेळी नाकाचा वरचा भागही. तो चित्रातल्यासारखा बसका झाला, कारण आता त्यांच्या डोळ्यांपुढं चित्रच होतं, बाकी काही नव्हतं. आत्या समोर उभी होती, पण त्यांनी वर पाहिलं नाही. उन्हाळ्यामुळं तासाभरात ते वाळलं. मी रंग कालवला आणि लावला. नव्या प्लॅस्टरवर तो फिका आला, मधोमध पट्टा दिसू लागला.

"आजून काळं टाक," आत्या म्हणाली. "जोड दिसतोय."

मी काजळी टाकली. दुसरा हात दिला. जोड दिसेनासा झाला.

कुलूप घालायला शिपाई आत आला. त्यानं पुतळ्याकडं पाहिलं, जवळ जाऊन पाहिलं, मग आण्णांकडं वळला.

"सकाळपास्नं काय केलं वो तुमी? हाय तसंच हाय की."

"व्हय," आत्या बादली उचलत म्हणाली. "हाय तसंच हाय."